सुधाकरभाऊंचा न हलणारा हात

मधमाश्यांची पेटी उघडण्याआधी सुधाकरभाऊ मनगटावरचं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकत. घामट पट्ट्याचा वास माशीला खपत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेटीवर काम असेल त्या दिवशी ते केळं खात नसत, आणि दुसऱ्या कोणी खाल्लं असेल तर त्याला जवळ फिरकू देत नसत. चिडलेल्या माशीच्या अंगाला केळ्यासारखाच वास सुटतो, म्हणून. एकदा त्यांचे नवे जावई केळी घेऊन सासुरवाडीला आले आणि वाटेत त्यातलीच दोन खाऊनही आले. भाऊंनी त्यांना पाणी दिलं, पाट दिला आणि सांगितलं, "जावईबापू, तुमी आज विहिरीपाशी बसा. संध्याकाळी बोलू आपण." जावई दिवसभर विहिरीपाशी बसले. पुढच्या दिवाळीला आले नाहीत. ही गोष्ट मला भाऊंच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी, भाऊंच्या समोरच सांगितली. भाऊ हसले नाहीत. "वास येऊन राह्यला होता," एवढंच म्हणाले.

असा माणूस. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसलं तर हात थांबत नाही, आणि माझी सगळी अडचण तीच आहे.

आमचं शेत घाटंजीपासून जवळ. कापूस, त्यात तुरीच्या ओळी, आणि बांधावर एक जुनं मोहाचं झाड. त्या मोहाच्या ढोलीत सातेरी माश्यांचं घर होतं. सातेरी म्हणजे अंधारात राहणारी आपली गावठी माशी. तिलाच पेटीत पाळता येतं. वेचणीच्या बाया त्या झाडाखाली डबे सोडून जेवत, आणि माश्या त्यांच्या डोक्यावरून जात-येत. कधी कोणाला चावल्या नाहीत. तरी माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, दरवर्षी धुरानं त्या जाळायचं बोलत. बायांना भीती वाटली तर त्या दुसऱ्याच्या वावरात जातील आणि कापूस झाडावरच राहील, ही त्यांची धास्ती. त्यांचंही चूक नव्हतं. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे बाई मिळणं म्हणजे काय असतं, हे ज्याचा कापूस फुटून लोंबतो आहे त्यालाच विचारावं.

मी माश्या जाळू देणार नव्हते. कोणीतरी सांगितलं की जंगलाच्या कडेच्या गावात एक माणूस आहे, तो जिवंत माश्या काढतो. तो माणूस मोटारसायकलवर मागे रिकामी पेटी बांधून आला. उंच, वाळलेला, कानावर पांढरे केस. तोंडावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. बाह्या कोपरापर्यंत सारल्या, घड्याळ खिशात टाकलं आणि ढोलीत हात घातला. पोळं कापून पेटीच्या चौकटीत बांधेपर्यंत त्यांचा हात एकदाही घाईत हलला नाही. सगळं झाल्यावर त्यांनी हाताची दोन्ही अंगं बघितली. एकही डंख नव्हता.

"अशी गरीब माशी म्या आजपर्यंत पाह्यली नाई, ताई," ते म्हणाले. "घेऊन जाऊ का मी?"

"नको," मी म्हणाले. "मला शिकवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मोहाकडे, मग परत पेटीकडे. "शिकवतो," म्हणाले. घेऊन जाऊ का, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे मी पुढे साफ विसरले.

मामाजींनी पेटी राहू दिली, पण अट घालून. वेचणीतल्या एका जरी बाईला माशी चावली, तर त्याच दिवशी पेटी शेतातून बाहेर. मी हो म्हणाले. माश्यांचा स्वभाव त्यांच्या राणीवरून येतो, आणि मोहातली ती राणी पेटीत आहे तोवर मला कसलीच चिंता नव्हती.

माश्या पाळणारे पुष्कळ असतात. भाऊंचं नाव होतं ते राण्या तयार करण्यात. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर मी थट्टा समजले असते. राणी काही वेगळ्या अंड्यातून येत नाही. साध्या कामकरी माशीची अगदी कोवळी अळी घ्यायची, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली, आणि मेणाच्या लहानशा वाटीत ठेवायची. अशा वाट्यांची पट्टी जिची राणी काढून घेतली आहे त्या पेटीत टांगायची. बिनराणीच्या माश्या कासावीस असतात. त्या वाटीतल्या अळीला घरातलं सगळ्यात चांगलं दूध पाजतात, आणि जी अळी मजूर व्हायची ती राणी होते. शिकणारे सगळे याला ग्राफ्टिंग म्हणतात. भाऊ म्हणायचे "उचलनं".

उचलण्यासाठी त्यांनी सायकलच्या चाकाची तार ठोकून, घासून एक सळई केली होती. टोक कानातला मळ काढायच्या कोरणीपेक्षाही बारीक. तशीच एक त्यांनी मला करून दिली. उन्हाकडे पाठ करून बसायचं, ऊन खांद्यावरून थेट पोळ्यातल्या सहा कोनी घराच्या तळाशी पडलं पाहिजे. तिथे दुधाच्या थेंबात स्वल्पविरामाएवढी अळी तरंगत असते. सळई तिच्या पाठीमागून खाली घालायची आणि दुधासकट उचलायची. उलटी झाली तर मेली. सुकली तर मेली. म्हणून मांडीवर ओलं फडकं.

"लेकरू झोपलं असते ना," भाऊ सांगत, "अन् आपल्याले त्याले खाटेवरून गादीवर टाकाचं असते. कसं उचलता? तसं उचला. त्याले समजलं नाई पाह्यजे, का आपलं घर बदललं."

हे वाक्य ते प्रत्येकाला सांगत. मला ते इतकं आवडलं होतं की मी ते बहिणीला फोनवर ऐकवलं.

माझ्या पहिल्या वाट्यांचं काय झालं ते सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी पट्टी बाहेर काढली तर सगळ्या वाट्या लख्ख. माश्यांनी माझ्या एकूण एक अळ्या बाहेर फेकून वाट्या चाटून-पुसून ठेवल्या होत्या. भाऊ पट्टी उन्हात फिरवून बघत राहिले. "सासू एखाद्या वेळेस सुनेले पास करते, ताई," म्हणाले, "माशी नाई करत." मग सळई माझ्या हातात ठेवली. परत. त्यानंतरही परत. माझा हात कापतो यावर ते रागावत नसत, पण स्वतःचा हात पुढे धरून दाखवत. पंजा पसरलेला, त्यावर सळई आडवी, आणि ती इकडची तिकडे होत नसे. "हे पाहा. साठी गेली. हाललं का?" त्यांना या हाताचा फार अभिमान होता. निर्मलाबाई म्हणायच्या, यांनी लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा हात हलतो का ते बघितलं असेल.

मग एकदा माझी एक राणी झाली. आमच्या मोहाच्या राणीची लेक. मी तिला वाटीतून बाहेर येताना पाहिलं, आणि मला नणंदेच्या बाळंतपणात झाला नव्हता एवढा आनंद झाला. आठवड्याभरात ती मिलनाला उडाली आणि परत आली नाही. विजेच्या तारेवर वेडे राघू बसलेले होते, ते माश्या टिपतात. मी भाऊंना फोन केला. ते तेवढ्यासाठी आले. समजावलं नाही, नुसते माझ्याबरोबर बांधावर बसून राहिले. उन्हं उतरली तेव्हा म्हणाले, "आई हाय ना पेटीत. आई हाय तोपर्यंत लेकी होत राह्यतात." त्या दुपारी भाऊ खोटं वागत होते असं मला आजही म्हणता येत नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या आईला, म्हणजे मोहाच्या राणीला, ओळखण्यासाठी टिपका लावायचा ठरलं. टिपका नेलपॉलिशचा, राणीच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध. "तुमची रानी, तुमीच लावा," भाऊ म्हणाले. त्यांनी तिला दोन बोटांत अलगद धरलं, मी काडी टेकवली, आणि नेमका माझा हात कापला. लाल थेंब घसरून उजव्या पंखाच्या मुळाशी ओघळला. भाऊ खळखळून हसले. मी त्यांना असं हसताना तेवढंच पाहिलं. "टिकली लावाले गेल्या अन् कुंकू कानापाशी नेलं, ताई." मला लाज वाटली. पण वाकड्या टिकलीची का असेना, राणी माझी होती, आणि पुढच्या मोसमात तिच्या अळ्यांवरून मी शेताच्या चारही कोपऱ्यांना पेट्या लावणार होते. तिच्याइतक्या शांत लेकी. मामाजींना, वेचणीच्या बायांना, कोणालाच घाबरायचं कारण राहणार नव्हतं. मी एवढंच मागत होते.

मग फवारणीचे दिवस आले. कपाशीवर आजूबाजूचे सगळेच फवारतात, कोणाकोणाला थांबवणार? भाऊ स्वतःच म्हणाले, "पेटी माझ्याकडे आनून ठेवा. आमच्याकडे सागाचं जंगल हाय, औषध नाई. दसऱ्याच्या आगोदर आनून देतो." मला भरून आलं. मी त्यांना भाऊ म्हणत होते. आपल्याकडे कोणालाही भाऊ म्हणतात, रिक्षावाल्यालाही म्हणतात. पण मी म्हणत होते.

दसऱ्याआधी त्यांनी पेटी सांगितल्याप्रमाणे आणून दिली. मोटारसायकलच्या मागे, ओल्या गोणपाटात गुंडाळून, खड्डे चुकवत. मोहाखाली ठेवली, मला उघडून दाखवली. माश्या तशाच गरीब. राणी पोळ्याच्या मधोमध चालत होती. पाठीवर लाल टिपका, पंखांच्या बरोबर मध्ये, गोल, नेटका.

माझ्या ते लक्षात आलं. तिथेच आलं. पण मन कसं असतं बघा. मी मनातल्या मनात म्हणाले, माश्यांनी जास्तीचा रंग कुरतडून काढला असेल, आता किती छान दिसतोय. भाऊंना मी तूप घालून पुरणपोळी वाढली.

पहिली वेचणी नीट झाली. दिवाळी झाली. दुसऱ्या वेचणीला पुन्हा तांड्यावरच्याच बंजारा बाया आल्या, त्यांची म्होरकी शेवंता. ती वर्षानुवर्षं त्या मोहाखाली जेवत आलेली. तिनं डबा सोडला आणि पहिला घास घ्यायच्या आत माशी डोळ्याच्या पापणीवर चावली. "याडी ये," आई गं, एवढंच ती ओरडली. मग सगळ्यांवरच माश्या आल्या. बाया लुगड्याचे पदर डोक्यावर घेऊन कपाशीतून पळाल्या. कापसाच्या ओट्या वाटेत सांडल्या. संध्याकाळी मी तांड्यावर गेले तेव्हा शेवंताचा एक डोळा पूर्ण मिटलेला होता. ती मला रागानं काही बोलली असती तर सोसलं असतं. ती म्हणाली, "बाई, तुझ्या माशा तर अशा नव्हत्या. काहून चावल्या?"

मी घरी आले. मामाजींनी आवाज चढवला नाही. "आपलं बोलनं झालं होतं, सूनबाई," एवढंच म्हणाले. मी भाऊंना फोन केला, आणि ते लगेच आले. पेटी उघडली तर माश्या त्यांच्या अंगावर धावल्या. हा माणूस जाळी घालत नाही, त्यानं त्या दिवशी मोटारसायकलच्या डिकीतून जाळी काढून घातली. बरोबर आणली होती. "औषधाचा वास लागला असन हवेतून," ते म्हणाले. "चिडते मग माशी. मी नेतो ही पेटी. तुमाले कायले तरास." गोणपाट ओलं करून त्यांनी पेटी बांधली. मी त्यांना चहा दिला आणि त्यांचे आभारसुद्धा मानले.

मोहाखालची जागा रिकामी झाली.

कळायला हिवाळा सरावा लागला. भाऊंनी शिकवलेल्या सगळ्यांचा मोबाईलवर एक गट होता. त्यात त्यांनी एक फोटो टाकला. त्यांचा पसरलेला पंजा, त्यावर माश्याच माश्या. खाली लिहिलेलं, की अतिशय शांत जातीच्या राण्या तयार करतो आहे, ज्यांना उचलणं शिकायचं आहे त्यांनी या. मी कौतुकानं फोटो बोटांनी मोठा केला. अंगठ्याच्या बाजूला, माश्यांच्या गर्दीत, एक लांब अंगाची राणी होती. तिचा लाल टिपका उजव्या पंखाच्या मुळाशी ओघळलेला होता.

मी फोटो लहान करून परत मोठा केला. मग त्यांनीच शिकवलेलं एकेक आठवायला लागलं. राणी बदलली की आधीच्या माश्या काही दिवस जगतात, पण मागून येते ती नव्या राणीची प्रजा. दीड महिन्यात पेटी तीच दिसते आणि आतलं सगळं घराणं बदललेलं असतं. म्हणजे पहिल्या वेचणीला शेवंताच्या डोक्यावरून माझ्या राणीच्या लेकी उडत होत्या आणि दुसऱ्या वेचणीला कुठल्यातरी जंगली राणीच्या. अळीला कळू न देता घर कसं बदलायचं, ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते. माझ्यावर त्यांनी ते करूनही दाखवलं. फक्त टिपका लावताना त्यांच्या हातानं त्यांना दगा दिला. तो हलला नाही.

मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्यांना माझी राणी चोरायची गरज नव्हती. उचलणं येणाऱ्या माणसाला राणी लागतच नाही. अळ्यांची एक चौकट मागितली असती तर त्यांना हव्या तेवढ्या लेकी झाल्या असत्या, आणि राणी माझ्याकडे राहिली असती. मी एक चौकट काय, दर महिन्याला दिली असती. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणजे त्यांना राणी हवी होती असं नाही. ती माझ्याकडे नको होती. शांत माशीवाला एकच असावा, आणि तो ते असावेत. झोपेत असताना माणसाला लुटतात ते परवडलं, इथे तर मी जागी राहून पेटीला दोरी बांधायला हात लावला होता.

त्या बोलावण्याला मी गेले. पर्समध्ये सळई होती. त्यांच्यासमोर टाकायची, आणि सगळ्यांसमक्ष काय ते विचारायचं, असं घोकत गेले. सागाच्या सावलीत नवे शिकणारे बसलेले होते, दोन-तीन बायाही होत्या. भाऊंनी मला पाहिलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. "या ताई," म्हणाले, "ह्या आमच्या जुन्या विद्यार्थिनी. हात थोडा कापते ह्यांचा, पन जिद्द लय." निर्मलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्याकडे न बघता परत गेल्या.

भाऊंनी घड्याळ खिशात टाकलं, पेटी उघडली. धूर नाही, जाळी नाही. मी जवळ गेले आणि "ठेवू का?" असं विचारता विचारताच हात पोळ्यावर ठेवला. माश्या माझ्या बोटांवरून चालून गेल्या. एकही चावली नाही. मला रडू आवरेना, म्हणून मी हात काढून घेतला.

पुढे बसलेल्या एका बाईनं राणीकडे बोट दाखवलं. नवी होती, राळेगावकडून आली होती. "भाऊ, टिपका असा बाजूले काहून?"

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी राणीकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "माझ्याच हातानं गेला. त्या दिवशी हात हालला माझा."

साठी ओलांडलेला, कधी न हललेला तो हात. त्या हाताची लाज त्यांनी एका वाक्यात सोडून दिली, पण राणी सोडली नाही. तेव्हा मला समजलं की या माणसाला मी काहीही विचारलं तरी त्याच्यापाशी उत्तर असेल.

मी घोकलेलं काही बोलले नाही. पर्समधली सळई काढली आणि त्या राळेगावच्या बाईच्या हातात दिली. "ही घ्या," मी म्हणाले. "चांगली आहे, भाऊंनीच केलेली. आणि एक लक्षात ठेवा. अळ्या कोणीही मागितल्या तरी द्या. राणी मात्र कोणाच्या घरी ठेवायला देऊ नका. भाऊ म्हणून हाक मारत असाल, त्याच्याही घरी नाही."

 ती बाई माझ्याकडून भाऊंकडे बघायला लागली. भाऊंनी चौकट दोन्ही हातांनी धरलेली होती. त्यांनी माझ्याकडे नीट, पुरतं बघितलं, आणि मान हलवली.

"बराबर सांगतलं ताईनं," ते म्हणाले. "मोठी गोष्ट हाय. लिहून घ्या सगळे."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली. वर राहिलेली दोनच तोंडं, त्यांचं आणि माझं. मग त्यांनी उन्हाकडे पाठ केली, चौकट थोडी तिरकी धरली, आणि ऊन घराच्या तळाशी पडतं का ते बघायला वाकले.